संमतीविना बदललेली घटना: युगोस्लाव्हिया, 1974 ते 1991

21 फेब्रुवारी 1974 रोजी युगोस्लाव्हियात नवी राज्यघटना जाहीर झाली. तिच्यात 406 कलमं होती. आपली घटना सुरुवातीला 395 कलमांची होती आणि तिच्या लांबीचं कौतुक आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मग दोन-सव्वादोन कोटी वस्तीच्या, म्हणजे आजच्या मुंबई महानगर प्रदेशाएवढ्या लोकसंख्येच्या देशाला 406 कलमं का लागावीत? तो मजकूर वाचत गेलं की कारण कळतं. कारभार कसा चालवायचा हे त्यात आहेच, पण एका घटकानं दुसऱ्याला गिळू नये म्हणून काय काय करायचं, यावर त्याहून जास्त शाई खर्च झाली आहे. ही भीती खोटी नव्हती. तिला इतिहास होता.

तो इतिहास मी थोडक्यातच सांगतो. 1 डिसेंबर 1918 रोजी सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचं एक राज्य झालं. राजघराणं सर्बियाचं, राजधानी बेलग्रेड. संविधानावरून भांडणं विकोपाला गेली तेव्हा 1929 मध्ये राजा अलेक्झांडरनं संसद मोडीत काढली, देशाचं नाव युगोस्लाव्हिया ठेवलं आणि जुन्या प्रदेशांची नावं पुसण्यासाठी बहुतेक नव्या विभागांना नद्यांची नावं दिली. नकाशा बदलला की माणसं आपली जुनी ओळख विसरतील, अशी त्याची समजूत होती. 1934 मध्ये मार्सेय इथं त्याचा खून झाला. 1941 मध्ये हिटलर आणि मुसोलिनीच्या फौजा आल्या आणि त्यांच्या आश्रयानं क्रोएशियात उस्ताशांची, म्हणजे क्रोएट फॅसिस्टांची, राजवट उभी राहिली. यासेनोव्हात्सच्या छळछावणीत सर्ब, ज्यू आणि रोमा माणसं मारली गेली. तिथल्या स्मारकाच्या यादीत आज 83 हजारांवर नावं आहेत. दुसरीकडे चेतनिकांनी, म्हणजे राजनिष्ठ सर्ब सशस्त्र टोळ्यांनी, पूर्व बोस्नियात मुस्लिम गावं कापून काढली. या सगळ्यांतून एकच फौज अशी होती की जिच्यात सगळ्या समाजांची माणसं होती, ती कम्युनिस्ट नेता टिटोच्या पार्टिझानांची, म्हणजे गनिमी सैनिकांची. 29 नोव्हेंबर 1943 रोजी बोस्नियातल्या यायत्से या गावी त्यांनी ठरवलं, की नवा देश संघराज्य असेल आणि त्यात कुणी कुणावर राज्य करणार नाही.

यायत्सेचा शब्द हीच त्या देशाची खरी पायाभरणी होती. पुढे 1946, 1963 आणि 1974 अशा घटना झाल्या, मध्ये दुरुस्त्यांचे ढीग पडले, पण प्रत्येक भांडणात लोक यायत्सेलाच साक्षीला बोलावत.

आता 1974 ची घटना. तिचा शिल्पकार एडवर्ड कार्देल्य, स्लोव्हेन, टिटोचा जुना सहकारी. देशात सहा प्रजासत्ताकं होती: स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना, सर्बिया, माँटेनेग्रो, मॅसेडोनिया. सर्बियाच्या पोटात दोन स्वायत्त प्रांत होते, उत्तरेला व्होयव्होदिना आणि दक्षिणेला कोसोव्हो. या आठही घटकांना स्वतःची घटना, स्वतःची विधानसभा, स्वतःचं घटना न्यायालय आणि स्वतःची बँकही मिळाली. संघाच्या वरच्या सभागृहात प्रत्येक प्रजासत्ताकाचे 12 आणि प्रत्येक प्रांताचे 8 प्रतिनिधी. माँटेनेग्रोची वस्ती सहा लाखांच्या आसपास, सर्बियाची त्याच्या कितीतरी पट; तरी खुर्च्या सारख्याच. महत्त्वाच्या आर्थिक कायद्यांवर आठही जणांचं एकमत लागे. सगळ्यात वर अध्यक्षमंडळ, त्यात प्रत्येक घटकाचा एक माणूस. टिटो जिवंत असेपर्यंत मुदतीविना राष्ट्राध्यक्ष. त्याच्यानंतर मात्र अध्यक्षपद दरवर्षी पाळीपाळीनं फिरणार.

इथं आपल्याकडची एक गोष्ट आठवली तर फरक लगेच लक्षात येईल. आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार संसद कुठल्याही राज्याच्या सीमा बदलू शकते; राज्याचं मत विचारावं लागतं, संमती लागत नाही. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र आणि गुजरात संसदेच्या कायद्यानं झाले. त्यामागे संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन होतं, 106 हुतात्मे होते, पण कागदावरचा अधिकार दिल्लीचा होता. युगोस्लाव्हियाच्या घटनेच्या पाचव्या कलमात याच्या नेमकं उलटं लिहिलं होतं. प्रजासत्ताकाच्या संमतीविना त्याची सीमा बदलता येणार नाही, आणि प्रांताच्या संमतीविना प्रांताचीही नाही. शिवाय प्रास्ताविकात युगोस्लाव्हियातल्या राष्ट्रांना स्वयंनिर्णयाचा, फुटून निघण्यासह, हक्क असल्याचं नमूद होतं. या बाबतीत भारताचं संघराज्य संसदेच्या अधिकारावर टेकलेलं आहे. युगोस्लाव्हियाचं संघराज्य घटकांच्या संमतीवर टेकलेलं होतं. दोन्ही पद्धतींनी देश चालू शकतात. मात्र दुसऱ्या पद्धतीत संमती नावाची वस्तू काचेच्या भांड्याहून जास्त जपावी लागते.

या रचनेत काही दोष जन्मापासूनच होते. माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा दोष असा, की तिथं नागरिकाला नागरिक म्हणून थेट जागा नव्हती. माणूस संघाच्या व्यवस्थेत यायचा तो आपल्या प्रजासत्ताकामार्फत किंवा आपल्या राष्ट्रामार्फत. 1981 च्या जनगणनेत सुमारे 12 लाख लोकांनी आपली ओळख 'युगोस्लाव्ह' अशी सांगितली, म्हणजे शंभरातले पाचाहून जास्त. त्यांत मिश्र विवाहांतली मुलं होती, शहरी माणसं होती, जुने पार्टिझान होते. घटनेत त्यांच्या वाट्याला एकही खुर्ची नव्हती. देशाचं नाव लावणाऱ्या माणसांना देशाच्या घटनेत प्रतिनिधी नव्हता.

दुसरा दोष दर्ज्याचा. सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन, मॅसेडोनियन, माँटेनेग्रिन आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस मान्यता मिळालेले बोस्नियाचे मुस्लिम ही 'राष्ट्रं' मानली जात. अल्बेनियन आणि हंगेरियन यांचा दर्जा एक पायरी खालचा, कारण त्यांचं राष्ट्र सीमेपलीकडे आहे असं धरलं होतं. स्वयंनिर्णय राष्ट्रांना. प्रजासत्ताक राष्ट्रांना. 1981 मध्ये युगोस्लाव्हियात 17 लाखांवर अल्बेनियन होते, माँटेनेग्रिनांच्या जवळजवळ तिप्पट. माँटेनेग्रिनांना प्रजासत्ताक, अल्बेनियनांना मात्र कोसोव्हो हा प्रांतच. कोसोव्होच्या तरुणांनी 1968 मध्येही प्रजासत्ताक मागितलं होतं आणि 1981 मध्येही. 11 मार्च 1981 रोजी कोसोव्होच्या राजधानीतल्या प्रिश्टिना विद्यापीठाच्या खानावळीतल्या निकृष्ट जेवणावरून सुरू झालेला गोंधळ तीन आठवड्यांत 'कोसोव्हो प्रजासत्ताक' या घोषणेपर्यंत पोचला, लष्कर उतरलं, माणसं मेली, हजारो जण तुरुंगात गेले. टिटोला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

आणि सर्बियाचं गाऱ्हाणं? ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. या विषयावर बोलणारे बरेच जण तिथं घाई करतात. 1974 नंतर सर्बियाची स्थिती खरोखर विचित्र झाली होती. प्रांतांचे प्रतिनिधी सर्बियाच्या विधानसभेत बसून सर्बियाच्या कारभारात मत देत, पण सर्बियाचा कायदा प्रांतात त्यांच्या मर्जीशिवाय चालत नसे. संघाच्या पातळीवर प्रांत कधीकधी सर्बियाच्या विरोधातही मत देत. असली अडचण दुसऱ्या कुठल्याही प्रजासत्ताकाला नव्हती. 1977 मध्ये सर्बियाच्या नेतृत्वानं ही तक्रार एका अंतर्गत अहवालात मांडली. तो दाबून ठेवला गेला. कोसोव्होतल्या सर्बांचं प्रमाण 1961 मध्ये 23 टक्क्यांच्या पुढे होतं, 1981 मध्ये ते 13 टक्क्यांवर आलं. त्यांतले काही गरिबीमुळे गेले, काही चांगल्या नोकरीसाठी, काही शेजाऱ्यांच्या त्रासाला कंटाळून. शिवाय अल्बेनियनांचा जन्मदर जास्त होता. घर विकून निघालेल्या सर्ब शेतकऱ्याला ही कारणमीमांसा नको होती. आपलं म्हणणं ऐकणारं कुणीतरी त्याला हवं होतं. बेलग्रेडमधले समंजस कम्युनिस्ट ते ऐकायला तयार नव्हते, कारण राष्ट्रवादाचा आरोप नको. त्यांच्या या मौनाची किंमत पुढे सगळ्यांनी मोजली.

टिटोबद्दलही एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्याकडे त्याची प्रतिमा फार उजळ आहे. 1956 मध्ये ब्रियोनी बेटावर नेहरू, नासर आणि टिटो भेटले, 1961 मध्ये बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. त्या छायाचित्रांवर आपली एक पिढी वाढली. पण त्याच टिटोनं 1971 च्या अखेरीस क्रोएशियातलं सुधारणावादी नेतृत्व घरी पाठवलं आणि पुढच्याच वर्षी सर्बियातलं उदारमतवादी नेतृत्वही, मार्को निकेझिच आणि लातिंका पेरोविच यांच्यासकट. घटनेनं प्रजासत्ताकांना अधिकार द्यायचे आणि ते वापरू शकतील अशा स्वतंत्र बुद्धीच्या माणसांना आधीच बाजूला सारायचं, असा तो डाव होता. राहिले ते होयबा. पुढे 1980 च्या दशकात जे लोक घटना सांभाळायला उरले, त्यांत तिच्यासाठी धोका पत्करणारे फार थोडे निघाले. 1974 ची घटना एकमेव कम्युनिस्ट पक्षाच्या शिस्तीवर चालत होती. आठ घटकांचं एकमत होत नसे तेव्हा टिटो निर्णय देत असे. 4 मे 1980 रोजी लुब्लियानाच्या रुग्णालयात तो गेला आणि एकमताची अट तेवढी राहिली.

आर्थिक बाजू मी भरभर सांगून पुढे जातो. परकीय कर्ज सुमारे 20 अब्ज डॉलर. इंधन, कॉफी, कपडे धुण्याची पावडर यांची टंचाई. 1989 मध्ये महागाईचा वार्षिक दर हजार टक्क्यांच्या वर. स्लोव्हेनिया आणि कोसोव्हो यांच्या दरडोई उत्पन्नात सात पटींच्या आसपास फरक. स्लोव्हेनियाला वाटे आपला पैसा दक्षिणेत वाया जातो. कोसोव्होला वाटे आपल्या खाणींचा माल उत्तरेला कवडीमोलानं जातो. दोघांच्या तक्रारीत थोडंथोडं तथ्य होतं. सगळ्यांना सुधारणा हवी होती. सुधारणा कुठल्या दिशेनं, यावर आठ जणांचं एकमत होणं अशक्य होतं.

इथं सर्बियाच्या कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख स्लोबोदान मिलोशेविच येतो. 24 एप्रिल 1987 रोजी तो कोसोव्हो पोल्ये इथं सर्बांच्या तक्रारी ऐकायला गेला. बाहेर जमाव आणि पोलीस यांच्यात झटापट झाली. तो बाहेर आला आणि म्हणाला, तुम्हाला कुणीही मारता कामा नये. दगडांनी भरलेला ट्रक आधीच आणून ठेवलेला होता, हे पुढे उघड झालं. टीव्हीवर ते वाक्य पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यानं आपला मित्र आणि गुरू इव्हान स्ताम्बोलिच याला पक्षात एकटं पाडलं. ऑक्टोबर 1988 मध्ये व्होयव्होदिनाच्या सरकारी इमारतीवर लोकांनी दह्याची पाकिटं फेकली आणि तिथलं नेतृत्व पायउतार झालं. जानेवारी 1989 मध्ये माँटेनेग्रोचं नेतृत्वही गेलं. बसगाड्या भरून माणसं आणायची, चौक भरायचा, राजीनामे घ्यायचे, अशी ती पद्धत. राहिला कोसोव्हो.

कोसोव्होच्या त्या पाच आठवड्यांपाशी मी मुद्दाम थांबणार आहे, कारण देश तिथं मोडला असं मी मानतो. सर्बियाला आपली घटना बदलून प्रांतांचे अधिकार कमी करायचे होते. त्यासाठी घटनेनुसार प्रांतांच्या विधानसभांची संमती हवी होती. 20 फेब्रुवारी 1989 रोजी त्रेप्चा इथल्या शिसं-जस्ताच्या खाणीत हजाराहून अधिक अल्बेनियन खाणकामगार जमिनीखाली उतरले आणि वर यायला नकार देऊन बसले. आठ दिवस बसले. त्यांची मागणी काय होती? 1974 च्या घटनेच्या मूळ तत्त्वांना हात लावू नका, आणि बेलग्रेडनं आमच्यावर लादलेल्या नेत्यांनी राजीनामे द्यावेत. तीन महिने आधी हेच कामगार टिटोची चित्रं आणि युगोस्लाव्हियाचे झेंडे घेऊन थंडीत प्रिश्टिनापर्यंत चालत गेले होते. फुटीर म्हणून ज्यांना हिणवलं, ते देशाची घटना हातात धरून उभे होते. हे मला आजही अस्वस्थ करतं.

27 फेब्रुवारीला लुब्लियानाच्या त्सान्कार भवनात त्यांच्या पाठिंब्याची सभा झाली. स्लोव्हेनियाचे कम्युनिस्ट नेते मिलान कुचान आणि विरोधी गटांचे लोक एकाच व्यासपीठावर होते. कुचान यांचं म्हणणं होतं, की यायत्सेच्या युगोस्लाव्हियाचं रक्षण आज त्या खाणीत होत आहे. ती सभा बेलग्रेडच्या टीव्हीवर दाखवली गेली आणि दुसऱ्या दिवशी बेलग्रेडमध्ये संसदेसमोर लाखोंचा जमाव लोटला. अल्बेनियन नेता अझेम व्लासी याला अटक करा, अशी त्यांची मागणी होती. मिलोशेविचनं त्यांना अटकेचं वचन दिलं, आणि एक-दोन दिवसांत व्लासी तुरुंगात होता. जमावाच्या मागणीवर माणूस आत जातो आणि देशाचं अध्यक्षमंडळ कोसोव्होत विशेष उपाययोजना लागू करतं. म्हणजे उरलेल्या प्रजासत्ताकांनीही, स्लोव्हेनियासह, त्या क्षणी मान तुकवली. त्यांना वाटलं, एक प्रांत गेला तर जाऊ दे, मिलोशेविच तेवढ्यावर थांबेल.

23 मार्च 1989. प्रिश्टिनाच्या विधानसभेबाहेर रणगाडे आणि चिलखती गाड्या. सभागृहात सदस्य नसलेली माणसंही वावरत होती, गुप्त पोलीसही होते. हात वर करून मतदान झालं. विरोधात उठलेले हात बोटांवर मोजण्याइतके. दुरुस्ती मंजूर झाल्याचं जाहीर झालं. 28 मार्चला बेलग्रेडमध्ये ती समारंभानं घोषित झाली. त्याच दिवसांत कोसोव्होच्या रस्त्यांवर वीसहून अधिक माणसं गोळीबारात मेली.

कागदावर सगळं रीतसर होतं. संमती घेतली होती, ठराव होता, मतमोजणी होती. सर्बियाच्या जुन्या, काही अंशी न्याय्य तक्रारीचं निवारण झालं होतं. पण संमती रणगाड्याच्या सावलीत घेतली की ती संमती राहत नाही, आणि हे स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया आणि मॅसेडोनिया यांच्या राजधान्यांनी, लुब्लियाना, झाग्रेब, सारायेव्हो, स्कोप्ये या सगळ्यांनी, डोळ्यांनी पाहिलं. त्याहून गंभीर गोष्ट पुढची. सर्बियानं प्रांतांची स्वायत्तता काढून घेतली, 1990 च्या जुलैत कोसोव्होची विधानसभाही बरखास्त केली, पण संघाच्या अध्यक्षमंडळातल्या प्रांतांच्या खुर्च्या तशाच ठेवल्या आणि त्यांवर आपली माणसं बसवली. भावाचं शेत आपल्या नावावर करून घ्यायचं आणि विहिरीवरची त्याची पाण्याची पाळीही आपणच वापरायची, तसला हा व्यवहार. आठ मतांपैकी सर्बिया, माँटेनेग्रो, व्होयव्होदिना, कोसोव्हो अशी चार मतं एका माणसाच्या मुठीत आली. बाकीच्यांना संरक्षण देण्यासाठी केलेली रचना आता त्यांच्यावरच उलटली होती.

यानंतर प्रत्येकानं तेच केलं. आपापली घटना दुरुस्त केली. 27 सप्टेंबर 1989 रोजी स्लोव्हेनियानं दुरुस्त्या मंजूर केल्या: फुटून निघण्याचा हक्क आमचा, आणि आमच्या विधानसभेच्या परवानगीविना आमच्या प्रदेशात आणीबाणी लावता येणार नाही. कोसोव्होत जे घडलं त्याला हे थेट उत्तर होतं. सर्बियानं डिसेंबरात स्लोव्हेनियाशी व्यापार तोडला. एकाच देशाच्या आत एका राज्यानं दुसऱ्याच्या मालावर बहिष्कार टाकला. जानेवारी 1990 मध्ये बेलग्रेडला पक्षाची चौदावी काँग्रेस भरली. स्लोव्हेनियाच्या दुरुस्त्या एकामागून एक बहुमतानं पाडण्यात आल्या, तेव्हा त्यांचे प्रतिनिधी उठून निघून गेले, पाठोपाठ क्रोएशियाचेही. ज्या पक्षाच्या शिस्तीवर ती घटना चालायची तो पक्ष त्या रात्री संपला.

एक वाट तेव्हाही होती असं मला वाटतं. पंतप्रधान अँते मार्कोविच यांनी 1990 च्या सुरुवातीला 7 दिनारांना एक जर्मन मार्क असा दर बांधून महागाई जवळजवळ थांबवली. देशभरात ते लोकप्रिय होते. संपूर्ण देशात एकाच वेळी बहुपक्षीय निवडणूक झाली असती तर माणसाला युगोस्लाव्हियाचा नागरिक म्हणून पहिल्यांदा मत देता आलं असतं. ती निवडणूक कधीच झाली नाही. स्लोव्हेनिया आणि क्रोएशियानं 1990 च्या वसंतात आपापल्या निवडणुका घेतल्या, बोस्नियानं नोव्हेंबरात, सर्बियानं डिसेंबरात. प्रत्येक ठिकाणी लोकांनी आपल्या समूहाच्या रक्षणकर्त्याला निवडलं. मतपत्रिकेवर दुसरा प्रश्नच नव्हता. मार्कोविच यांच्या स्थिर चलनाचं काय झालं? डिसेंबर 1990 च्या शेवटी सर्बियानं संघाच्या बँकिंग व्यवस्थेतून दीड अब्ज डॉलरच्या आसपासचा पैसा गुपचूप उचलला. सुधारणा तिथं संपली.

क्रोएशियानं 22 डिसेंबर 1990 रोजी नवी घटना केली. जुन्या घटनेत क्रोएशिया हे क्रोएट राष्ट्राचं आणि क्रोएशियातल्या सर्ब राष्ट्राचंही राज्य होतं. नव्या घटनेत ते क्रोएट राष्ट्राचं राज्य झालं आणि सर्बांची गणना इतर राष्ट्रं आणि अल्पसंख्याकांच्या यादीत गेली. समान हक्कांची हमी होती, हे खरं. पण 12 टक्के सर्ब, त्यांत यासेनोव्हात्समध्ये नातलग गमावलेली घरं, वर नोकऱ्यांतून काढल्याच्या बातम्या, रस्त्यावर पुन्हा दिसू लागलेली पांढऱ्या-लाल चौकटींची जुनी ढाल, क्रोएशियाचं राजचिन्ह, जे उस्ताशांनीही वापरलं होतं. त्या ढालीचा इतिहास उस्ताशांच्या कितीतरी आधीचा आहे, हे क्निन या क्रोएशियातल्या सर्बबहुल गावातल्या आजीला सांगून काय उपयोग होता? क्निनच्या सर्बांनी ऑगस्ट 1990 मध्येच झाडांचे ओंडके आडवे टाकून रस्ते बंद केले होते, आणि बेलग्रेडहून त्यांना शस्त्रंही मिळत होती आणि भयही पुरवलं जात होतं. कोसोव्होच्या अल्बेनियनांशी सर्बिया जे वागला, तसंच आपल्याशी क्रोएशिया वागेल, असं त्यांना वाटलं. यात नैतिक समानता नाही, झाग्रेबनं रणगाडे आणून मतदान घेतलं नव्हतं. पण दोन्हीकडे ज्यांचा दर्जा बदलायचा होता, त्यांच्या खऱ्या संमतीची वाट पाहिली गेली नाही.

मार्च 1991 चा एक प्रसंग माझ्या मते या सगळ्या काळातला सर्वांत मोठा आहे. लष्करानं अध्यक्षमंडळापुढे देशभर आणीबाणीचा प्रस्ताव ठेवला. बैठक बेलग्रेडमध्ये लष्कराच्या इमारतीत, थंडगार खोलीत. आठांपैकी पाच मतं हवी होती. चार मुठीत होती. पाचवं मत बोस्नियाचे बोगिच बोगिचेव्हिच यांच्याकडून येईल असं गृहीत धरलं होतं, कारण ते सर्ब होते. त्यांनी विरोधात मत दिलं. ते बोस्नियाचे प्रतिनिधी म्हणून तिथं बसले होते, सर्बांचे म्हणून नव्हे, आणि त्या एका माणसानं आपल्या पदाचा अर्थ घटनेत लिहिल्याप्रमाणेच घेतला. प्रस्ताव पडला. पुढच्या बैठकीत कोसोव्होच्या खुर्चीवरले रिझा सापुंजियू हेही साथ देईनात, तेव्हा सर्बियाच्या विधानसभेनं त्यांना काढून टाकलं. मे महिन्यात अध्यक्षपदाची पाळी क्रोएशियाच्या स्तिपे मेसिच यांची होती. पाच मतं हवी होती, त्यांना पडली चारच. देशाला अध्यक्षच उरला नाही. 25 जून रोजी स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं.

स्लोव्हेनियाची लढाई दहा दिवसांत आटोपली. क्रोएशियातली आटोपली नाही. नोव्हेंबरात व्हुकोव्हार शहराचा ढिगारा झाला. बोस्नियात 44 टक्के मुस्लिम, 31 टक्के सर्ब, 17 टक्के क्रोएट, कुणाचंही बहुमत नाही, आणि तिथल्या घटनेनं तिन्ही समाजांच्या बरोबरीच्या हक्काची ग्वाही दिलेली. 1990 च्या दुरुस्तीत अशी एक परिषदही ठरली होती, की एखाद्या समाजाला धोका वाटला तर विषय तिच्यापुढे न्यायचा. ती परिषद कधी स्थापनच झाली नाही. ऑक्टोबर 1991 मध्ये सर्ब सदस्य निघून गेल्यावर उरलेल्यांनी सार्वभौमत्वाचा ठराव मंजूर केला. त्याच रात्री बोस्नियातल्या सर्बांचा नेता राडोव्हान कराजिच यानं सभागृहात उभं राहून मुस्लिम समाज नामशेष होईल अशी धमकी दिली होती. ती धमकी पोकळ नव्हती. मार्च 1992 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती म्हणून आपले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार सारायेव्होत पोचले. ते मूळचे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. सेना क्रोएशियासाठी होती, मुख्यालय सारायेव्होत, कारण तिथं शांतता राहील असा अंदाज होता. काही आठवड्यांत त्यांच्या डोळ्यांदेखत शहराला वेढा पडला. साडेतीन वर्षांत बोस्नियात सुमारे एक लाख माणसं मेली. जुलै 1995 मध्ये एकट्या स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले.

प्राचीन वैर म्हणून या माणसांचा निकाल लावू नका, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. सारायेव्होत एकाच जिन्यावर तिन्ही समाजांची कुटुंबं राहत होती. 1989 ते 1991 या काळात प्रत्येक घटनादुरुस्तीनं एका बहुसंख्येला सुरक्षित केलं आणि तिच्या शेजारच्या अल्पसंख्येला घाबरवलं, आणि घाबरलेल्यांना बंदुका पुरवणारे तयार होते.

बोस्नियाची आजची घटना म्हणजे डिसेंबर 1995 मध्ये सही झालेल्या डेटन कराराचं चौथं परिशिष्ट. तीन जणांचं अध्यक्षमंडळ: एक बोस्नियाक (बोस्नियाच्या मुस्लिमांचं आजचं नाव), एक क्रोएट, एक सर्ब. देर्वो सेदिच हे रोमा समाजाचे आणि याकोब फिन्ची ज्यू. दोघेही बोस्नियाचे नागरिक, दोघांनाही अध्यक्षमंडळाच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही, कारण ते तिघांपैकी कुणीच नाहीत. दोघे युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि डिसेंबर 2009 मध्ये जिंकले. न्यायालयानं ही तरतूद भेदभावाची ठरवली. बदल करायचा तर तिन्ही समाजांच्या पक्षांची संमती लागते, आणि ती आजवर मिळालेली नाही.